राष्ट्रपतींनंतर कोण? १९६९ चा पेच आणि न्यायमूर्ती हिदायतुल्ला

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार वयस्क असला की त्याच्या जोडीने उपाध्यक्षपदासाठी कोण उभे राहणार, हा प्रश्न मूळ उमेदवारीइतकाच गंभीरपणे चर्चिला जातो. १८४१ मध्ये विल्यम हेन्री हॅरिसन हे अडुसष्ट वर्षांचे अध्यक्ष शपथविधीनंतर महिन्याभरातच वारले आणि ज्यांना फारसे कोणी मोजत नव्हते ते उपाध्यक्ष जॉन टायलर अध्यक्ष होऊन बसले, तेव्हापासून ही धास्ती त्या देशाच्या राजकारणात कायमची घर करून आहे. भारतात मात्र अशी जोडी मतदारांपुढे कधीच ठेवली जात नाही. राष्ट्रपतींची निवड संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य करतात, तर उपराष्ट्रपतींची निवड एकट्या संसदेचे दोन्ही सभागृहांतील सदस्य करतात, आणि दोन्ही निवडणुका स्वतंत्रपणे, कधीकधी वेगळ्या वर्षीदेखील होतात. राष्ट्रपतींना आपल्यामागे कोण यावा हे सुचवण्याचा कोणताही घटनात्मक अधिकार नाही. उपराष्ट्रपतींचे नित्याचे काम राज्यसभेचे सभापतित्व एवढेच असते, आणि राष्ट्रपतिपद मृत्यूने, राजीनाम्याने किंवा पदच्युतीने रिकामे झाले तर नव्या निवडणुकीपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त सहा महिने, त्यांनी तो कारभार सांभाळावा अशी घटनेच्या कलम ६२ आणि ६५ ची योजना आहे. अमेरिकेतल्याप्रमाणे उरलेली सगळी मुदत त्यांच्या वाट्याला येत नाही.

या योजनेमुळे उपराष्ट्रपती निवडताना वारसाचा विचार सहसा मागेच पडत गेला. प्रांत, धर्म, भाषा, पक्षनिष्ठा यांचा तोल सांभाळणे आणि राज्यसभा शिस्तीत चालवू शकेल असा माणूस शोधणे, याकडेच सत्ताधाऱ्यांचे लक्ष असे. पहिल्या दोन दशकांत त्यात वावगे काही दिसलेही नाही. सर्वपल्ली राधाकृष्णन दहा वर्षे उपराष्ट्रपती राहिले, १९६१ मध्ये राजेंद्रप्रसाद गंभीर आजारी पडले तेव्हा त्यांनी कित्येक महिने राष्ट्रपतींचे काम पाहिले, आणि १९६२ मध्ये ते स्वतःच राष्ट्रपती झाले. त्यांच्या जागी आलेले झाकिर हुसेन पाच वर्षांनी त्याच पायरीने वर चढले. उपराष्ट्रपती हा पुढचा राष्ट्रपती, असा एक अलिखित पायंडा पडत असल्याचे दिसू लागले होते.

१९६७ च्या निवडणुकीत झाकिर हुसेन यांनी विरोधी पक्षांचे उमेदवार आणि तोवर सरन्यायाधीश असलेले के. सुब्बा राव यांचा ४,७१,२४४ विरुद्ध ३,६३,९७१ अशा मतमूल्याने पराभव केला. त्या वेळी झाकिर हुसेन सत्तर वर्षांचे होते. उपराष्ट्रपतिपदी निवडून आलेले वराहगिरी वेंकट गिरी हे कामगार चळवळीतून पुढे आलेले नेते बहात्तर वर्षांचे होते, म्हणजे राष्ट्रपतींना काही झालेच तर ज्यांनी त्यांची जागा घ्यायची ते गृहस्थ राष्ट्रपतींहून अडीच वर्षांनी मोठे होते. यात कोणाला काही खटकल्याचे दिसत नाही. गंमत म्हणजे त्याच वर्षी, १० फेब्रुवारी १९६७ रोजी, अमेरिकेने आपल्या संविधानाची पंचविसावी दुरुस्ती मंजूर करून अध्यक्ष आजारी पडला किंवा उपाध्यक्षाची जागा रिकामी झाली तर काय करायचे याचे तपशीलवार नियम घालून घेतले होते. केनेडींच्या हत्येनंतर त्या देशाने धडा घेतला. भारताला आपला धडा मिळायला अजून दोन वर्षे होती.

३ मे १९६९ रोजी झाकिर हुसेन यांचे निधन झाले. पदावर असताना मृत्यू आलेले ते पहिले राष्ट्रपती. गिरींनी त्याच दिवशी हंगामी राष्ट्रपती म्हणून सूत्रे हाती घेतली, आणि घटनेची यंत्रणा लिहिल्याप्रमाणे चालली. पण त्यांच्यामागे पर्याय उरला नव्हता. उपराष्ट्रपती राष्ट्रपतींच्या जागी गेले, आणि आता गिरींनाही काही झाले किंवा त्यांनी पद सोडले तर राष्ट्रपती कोण, याचे उत्तर घटनेच्या कोणत्याही कलमात नव्हते. अशा अनपेक्षित प्रसंगांची तरतूद संसदेने करावी, एवढेच कलम ७० म्हणत होते, आणि एकोणीस वर्षांत संसदेने ती केलेली नव्हती. घाईघाईने विधेयक आले आणि २८ मे १९६९ रोजी ‘राष्ट्रपतींची कार्ये पार पाडण्याबाबतचा अधिनियम’ अस्तित्वात आला. दोन्ही पदे रिकामी असतील तर भारताचे सरन्यायाधीश, आणि तेही उपलब्ध नसतील तर सर्वोच्च न्यायालयाचे ज्येष्ठतम न्यायाधीश, राष्ट्रपतींचे काम पाहतील, असे त्याचे सार होते. त्या दिवशी सरन्यायाधीशपदी मोहम्मद हिदायतुल्ला होते, आणि त्यांची बरीचशी जडणघडण नागपुरात झालेली होती.

हिदायतुल्लांचा जन्म १७ डिसेंबर १९०५ चा. शालेय शिक्षण रायपूरला झाले, आणि रायपूर तेव्हा मध्यप्रांतात, म्हणजे नागपूर ही राजधानी असलेल्या प्रांतात मोडत असल्यामुळे पुढच्या शिक्षणासाठी त्यांनी नागपूरच्या मॉरिस कॉलेजची वाट धरणे स्वाभाविकच होते. तिथून केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात आणि लंडनच्या लिंकन्स इनमध्ये शिकून बॅरिस्टर झाल्यावर १९३० मध्ये त्यांनी नागपुरातच वकिली सुरू केली. प्रांताला त्या वेळी स्वतंत्र उच्च न्यायालय नव्हते, ज्युडिशियल कमिशनरच्या कोर्टावर काम भागत असे. नागपूर उच्च न्यायालय स्थापन झाले ते २ जानेवारी १९३६ रोजी. हिदायतुल्लांची वकिली त्या न्यायालयाबरोबरच वाढली. एकीकडे ते युनिव्हर्सिटी लॉ कॉलेजात विद्यार्थ्यांना शिकवत होते, दुसरीकडे शहराच्या कारभारातही होते: १९३१ ते १९३३ नगरपालिकेचे सभासद, पुढे नागपूर सुधार प्रन्यासाचे सदस्य. पुढे राष्ट्रपती भवनात बसलेल्या माणसाने एके काळी नागपूरच्या गटारांचे, रस्त्यांचे आणि भूखंडांचे वाद ऐकलेले होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्राच्या ओघात सहज नजरेआड होते, पण प्रशासन म्हणजे काय हे त्यांना पहिल्यांदा तिथेच कळले असणार.

१९४२ मध्ये ते सरकारी वकील झाले, १९४३ मध्ये वयाच्या सदतिसाव्या वर्षी मध्यप्रांत-वऱ्हाडचे महाधिवक्ता, १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि ३ डिसेंबर १९५४ रोजी त्याच न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. मधल्या काळात नागपूर विद्यापीठाच्या विधी शाखेचे अधिष्ठातापदही त्यांच्याकडे होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, नागपूरचे राजधानीपण आणि स्वतंत्र उच्च न्यायालय दोन्ही संपले, आणि सिव्हिल लाइन्समधल्या त्या भव्य इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले. मुख्य न्यायाधीश मात्र नव्या मध्य प्रदेशाच्या उच्च न्यायालयाबरोबर जबलपूरला गेले. तिथून १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालय आणि २५ फेब्रुवारी १९६८ रोजी सरन्यायाधीशपद, असा त्यांचा पुढचा प्रवास. या पदावर पोहोचलेले ते पहिले मुस्लिम न्यायमूर्ती. राजकारणाशी त्यांचा संबंध निकालपत्रांपुरताच होता, आणि मे १९६९ चा कायदा कागदावरच राहील असे त्या वेळी कोणीही मानले असते.

तो कागदावर राहिला नाही याचे कारण काँग्रेस पक्षातला कलह. झाकिर हुसेन यांच्या जागी कोणाला उभे करायचे हे ठरवण्यासाठी जुलैमध्ये बंगळूरला पक्षाच्या संसदीय मंडळाची बैठक झाली, त्यात पंतप्रधान इंदिरा गांधींनी जगजीवनराम यांचे नाव पुढे केले आणि पक्षातल्या जुन्या धुरिणांनी, ज्यांना वृत्तपत्रे ‘सिंडिकेट’ म्हणत, लोकसभेचे अध्यक्ष नीलम संजीव रेड्डी यांचे. मतदानात चार विरुद्ध दोन असे रेड्डी निवडले गेले. त्या चार मतांपैकी दोन मते महाराष्ट्राची होती, स. का. पाटील यांचे आणि यशवंतराव चव्हाण यांचे. पाटलांचे मत अपेक्षितच होते. गृहमंत्री चव्हाणांचे मत पंतप्रधानांच्या विरोधात जावे, हा दिल्लीतल्या अनेकांना धक्का होता, आणि पुढच्या काही आठवड्यांत चव्हाणांनी पुन्हा इंदिरा गांधींकडे जवळीक साधली तरी त्या एका मताचा हिशेब त्यांच्या राजकीय आयुष्यात फार दिवस मांडला गेला.

हंगामी राष्ट्रपती गिरी यांना, आधीचे दोन उपराष्ट्रपती राष्ट्रपती झाले असताना आपल्यालाच का वगळले जावे, असे वाटले असल्यास नवल नाही. त्यांनी अपक्ष म्हणून उभे राहण्याचे जाहीर केले. त्यानंतरच्या घटना अतिशय वेगाने घडल्या. १९ जुलै रोजी चौदा मोठ्या खासगी बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश निघाला आणि त्यावर सही केली ती हंगामी राष्ट्रपती गिरींनी. संसदेचे अधिवेशन अवघ्या दोन दिवसांवर असताना अध्यादेशाची एवढी निकड काय होती, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. पण २० जुलैला गिरी पद सोडणार होते, आणि सही हवी होती ती त्यांच्याच हातची, असा अर्थ लावला तर तो अगदीच अन्यायाचा होणार नाही. त्यांच्या राजीनाम्यातही एक कायदेशीर गाठ होती. उपराष्ट्रपतींनी राजीनामा राष्ट्रपतींना उद्देशून द्यायचा असतो, आणि त्या दिवशी राष्ट्रपतींचे काम पाहत होते ते स्वतः गिरीच.

अशा रीतीने २० जुलै १९६९ रोजी, माणूस चंद्रावर उतरला त्याच दिवशी, हिदायतुल्ला भारताचे हंगामी राष्ट्रपती झाले. पस्तीस दिवसांचा हा कारभार केवळ समारंभापुरता होता असे समजण्याचे कारण नाही. ३१ जुलैला अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन दिल्लीत आले तेव्हा यजमान राष्ट्रप्रमुख म्हणून त्यांचे स्वागत करण्याचे काम हिदायतुल्लांकडे होते. त्याहून महत्त्वाचे घडले ते ९ ऑगस्टला. बँक राष्ट्रीयीकरणाचे विधेयक संसदेने मंजूर करून त्यांच्याकडे पाठवले आणि त्यांनी त्यावर संमतीची सही केली. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, त्यामुळे ही सही रोखण्याचा प्रश्नच नव्हता. पण सही करणारा हात सरन्यायाधीशाचा होता, आणि हा कायदा न्यायालयात जाणार हे सगळ्यांना दिसत होते. मुंबईचे आर. सी. कूपर यांनी आव्हान दिले, अकरा न्यायाधीशांचे पीठ बसले, आणि त्यात सरन्यायाधीश नव्हते, न्या. जे. सी. शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या त्या पीठाने १० फेब्रुवारी १९७० रोजी दहा विरुद्ध एक मताने कायदा रद्द केला. पुढे सरकारला नवा कायदा करावा लागला. दुसऱ्या फळीची नेमणूक आधी नीट झाली नाही म्हणून न्यायसंस्थेला द्यावी लागलेली ही किंमत होती: देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला त्या दशकातल्या एका सर्वांत महत्त्वाच्या खटल्यात आपल्याच सरन्यायाधीशाविना बसावे लागले. मे महिन्यात विधेयकावर चर्चा करणाऱ्यांपैकी किती जणांनी हा विचार केला होता, हे सांगणे कठीण आहे, पण कायद्याच्या मजकुरात तरी त्याचा मागमूस नाही.

दरम्यान निवडणुकीचा प्रचार रंगला होता. पंधरा उमेदवार होते, पण लढत तिघांत. रेड्डी आणि गिरी यांच्याखेरीज स्वतंत्र आणि जनसंघ या पक्षांनी चिंतामणराव देशमुखांना उभे केले होते. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबईच्या प्रश्नावरून नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा देणारे अर्थमंत्री म्हणून मराठी माणूस त्यांना ओळखतो. त्यांची सनदी सेवा मात्र मध्यप्रांत-वऱ्हाडातच सुरू झाली होती, आणि नागपूरच्या सचिवालयात त्यांनी वर्षानुवर्षे काम केले होते. म्हणजे १९६९ च्या त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात राष्ट्रपतिपदावर हंगामी म्हणून बसलेला माणूस आणि त्या पदासाठी उभा असलेला एक उमेदवार, दोघेही नागपूरच्या जुन्या प्रांतिक राजधानीत घडलेले होते. राजधानी जाऊन तेरा वर्षे झालेल्या शहरात याची किती चर्चा झाली असेल, याची कल्पना करता येते.

राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मतदार उमेदवारांना पसंतीचा क्रम देतो, आणि पहिल्या पसंतीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास मागे पडलेल्या उमेदवारांची दुसऱ्या पसंतीची मते पुढे सरकवली जातात. काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी देशमुखांच्या समर्थकांची दुसरी पसंती रेड्डींना मिळावी म्हणून स्वतंत्र आणि जनसंघाच्या नेत्यांशी बोलणी केली, आणि नेमके हेच निमित्त करून इंदिरा गांधींनी काँग्रेसच्या सदस्यांना सदसद्विवेकबुद्धीने मत देण्याची मुभा मागितली. १६ ऑगस्टला मतदान झाले. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ इतक्या मूल्याची मते पडली. दुसऱ्या पसंतीची मते मिळवून गिरी ४,२०,०७७ वर आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. देशमुखांच्या मतांचा मोठा भाग खरोखरच रेड्डींकडे वळला होता, तरी तो पुरला नाही. २४ ऑगस्टला गिरींनी शपथ घेतली आणि हिदायतुल्ला न्यायालयात परतले. पंचाहत्तर वर्षांच्या या नव्या राष्ट्रपतींच्या मागे उपराष्ट्रपती म्हणून संसदेने निवडले ते त्र्याहत्तर वर्षांच्या गोपाल स्वरूप पाठकांना. मे महिन्याचा धडा ऑगस्टमध्ये विसरला गेला होता.

सुदैवाने गिरींनी मुदत पुरी केली. पुढचे राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद मात्र ११ फेब्रुवारी १९७७ रोजी, आणीबाणीच्या अखेरीस, पदावर असतानाच वारले, आणि या वेळी उपराष्ट्रपती बी. डी. जत्ती हे पासष्टीच्या आतले आणि जुन्या जमखंडी संस्थानात, पुढे मुंबई राज्याच्या राजकारणात मुरलेले गृहस्थ होते. त्यांच्यासमोर जनता सरकारने नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करण्याचा प्रस्ताव ठेवला तेव्हा त्यांनी काही काळ सही लांबवली आणि मगच केली. हंगामी माणूस हाही राष्ट्रपतीच असतो, त्याची सही नुसती ठोकायची नसते, हे देशाला त्या निमित्ताने कळले.

जत्तींची मुदत १९७९ च्या ऑगस्टमध्ये संपत होती, आणि तो महिना स्वतंत्र भारताच्या इतिहासात सरकारच्या दृष्टीने सर्वांत अस्थिर महिन्यांपैकी एक होता. जनता पक्ष फुटला होता, पंतप्रधान चरणसिंह लोकसभेचा विश्वास मिळवण्याआधीच राजीनामा देऊन मोकळे झाले, २२ ऑगस्टला लोकसभा विसर्जित झाली. एकमेकांची तोंडे पाहायला तयार नसलेल्या पक्षांचे उपराष्ट्रपतिपदासाठी मात्र एका नावावर एकमत झाले, आणि निवृत्तीला जवळजवळ नऊ वर्षे झालेले हिदायतुल्ला बिनविरोध निवडून आले. हे एकमत प्रेमापेक्षा अविश्वासातून जमले होते असे म्हणता येईल: प्रत्येक पक्षाला दुसऱ्याचा माणूस नको होता, आणि हा कोणाचाच नव्हता. तरीही निवडीमागे एक खरा विचार होता, जो १९६७ आणि १९६९ मध्ये दिसत नाही. राष्ट्रपतीच्या खुर्चीत बसून तो कारभार कोणत्याही वादाविना पार पाडलेला, आणि मुदत संपताच निमूटपणे उठून गेलेला, असा त्या वेळी निवृत्त आणि उपलब्ध असलेला माणूस दुसरा नव्हता. वयाचा हिशेब मात्र या वेळीही उलटाच राहिला. हिदायतुल्ला त्र्याहत्तर वर्षांचे होते आणि १९६९ मध्ये हरलेले, पण आता राष्ट्रपती असलेले संजीव रेड्डी सहासष्ट वर्षांचे.

राज्यसभेचे सभापती म्हणून ते कडक पण विनोदी ढंगाने सभागृह चालवत. वाचनाचा आणि इंग्रजी साहित्याचा त्यांचा व्यासंग ‘माय ओन बॉसवेल’ या १९८० च्या आत्मचरित्राच्या नावातच डोकावतो. १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रपती झैलसिंग हृदयशस्त्रक्रियेसाठी अमेरिकेला गेले, तेव्हा ६ ते ३१ ऑक्टोबर या काळात शहात्तर वर्षांच्या हिदायतुल्लांनी पुन्हा एकदा राष्ट्रपतींची कार्ये पाहिली. एकदा सरन्यायाधीश म्हणून आणि एकदा उपराष्ट्रपती म्हणून राष्ट्रपती भवनाचा कारभार पाहिलेले ते आजवरचे एकमेव. ऑगस्ट १९८४ मध्ये त्यांची मुदत संपली, आणि १८ सप्टेंबर १९९२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

१९६९ चा कायदा त्यानंतर पुन्हा वापरावा लागलेला नाही, पण तो वापरावा लागेल अशी परिस्थिती आलीच नाही असे नव्हे. २५ जुलै २००२ रोजी अब्दुल कलाम यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली आणि दोनच दिवसांनी उपराष्ट्रपती कृष्णकांत यांचे निधन झाले; त्यांच्या जागेसाठी १२ ऑगस्टला निवडणूक झाली, तीत भैरोसिंह शेखावत यांनी सोलापूरच्या सुशीलकुमार शिंदे यांचा ४५४ विरुद्ध ३०५ मतांनी पराभव केला, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे शेखावत सत्तरीच्या राष्ट्रपतींचे पर्याय झाले. २१ जुलै २०२५ रोजी जगदीप धनखड यांनी उपराष्ट्रपतिपदाचा राजीनामा दिला आणि तेव्हा महाराष्ट्राचे राज्यपाल असलेले सी. पी. राधाकृष्णन यांचा शपथविधी १२ सप्टेंबरला झाला. मधल्या सात-साडेसात आठवड्यांत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्यामागे १९६९ च्या कायद्याने उभे होते ते तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई. ते मूळचे अमरावतीचे, वकिलीची बहुतेक वर्षे नागपूर खंडपीठात घालवलेले आणि, हिदायतुल्लांप्रमाणेच, नागपुरात सरकारी वकील राहिलेले न्यायमूर्ती.